मास्तरांचा उजवा पाय

भिंगरीच्या आजोबांना नावाने हाक मारणारं गावात आता कोणी उरलं नव्हतं. मास्तर म्हटलं की झालं. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडीतले. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवलं. पांढरी छोटी गाडी, छपरावर जरा तिरकाच बसलेला 'शिकाऊ' असा फलक, आणि शेजारच्या सीटपुढे मास्तरांसाठी मुद्दाम बसवून घेतलेलं ब्रेकचं दुसरं पेडल. शिकणाऱ्याचा पाय चुकला की मास्तरांचा उजवा पाय पडायचा आणि गाडी जागच्या जागी उभी राहायची. मग मास्तर समोर बघत, आवाज तसूभरही न चढवता विचारायचे, "हं. आता सांगा, आपण का थांबलो?"

ह्या पेडलामुळे गावात एक पद्धतच पडून गेली होती. शिकणाऱ्याचा भरवसा वाटू लागला की मास्तर एके दिवशी चालत्या गाडीत चपला काढायचे, दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर चक्क मांडी घालून बसायचे. म्हणजे पेडलाशी आता कोणी नाही, जे काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. सरकारी परीक्षा नंतर कधीतरी व्हायची, तिला कोण विचारतो. गावात विचारायचे ते एवढंच, "तुम्हाला मांडी कितव्या दिवशी मिळाली हो?"

दंतवैद्याला चौदाव्या दिवशी मिळाली होती. तो हे समोरच्याच्या तोंडात दोन्ही हात घालून सांगायचा, म्हणजे समोरच्याला खोटं म्हणायचीही सोय नाही. मुख्याध्यापिकाबाईंना तेविसाव्या दिवशी मिळाली, पण त्या चष्मा नाकावर सरकवून "साधारणतः विसाच्या आसपास" असं म्हणायच्या. दूधवाल्याला नवव्या. तो सांगत नसे, नुसता हसे, आणि ते जास्त झोंबे.

भिंगरीचा एकतिसावा दिवस संपला होता आणि तिला मांडी मिळाली नव्हती.

भिंगरी म्हणजे मास्तरांची एकुलती एक नात. अठरा पूर्ण. एका जागी बसत नाही म्हणून हे नाव घरानेच ठेवलेलं. ह्या गाडीत ती लहानाची मोठी झाली होती. मागच्या सीटवर तिने दुधाच्या बाटल्या संपवल्या, पाढे म्हटले, ओकारीसुद्धा केली. गिअर कुठे अडकतो, खिडकीची काच कुठल्या बोटाने खाली ढकलावी लागते, सगळं तिला तोंडपाठ. आणि तिच्याच वेळी आजोबांचा उजवा पाय त्या पेडलावरून हलेना. दाबलेला नसे, नुसता वर तरंगत असे, बोटभर अंतरावर, पाण्यावर बगळा उभा असावा तसा.

सरकारी परीक्षा ती विसाव्या दिवशीच पास झाली होती. लायसन्स पाकिटात होतं. त्याने काय होतंय? दूधवाला हसायचा राहिला थोडाच.

खरं सांगायचं तर तिचं पोट मांडीपाशीच दुखत होतं असं नाही. आजोबा तिचे, आणि वाटले गेले सगळ्या गावात. चौकात लाल दिव्याला गाड्या थांबल्या की तिला लांबूनच कळे, ह्यातली मास्तरांची माणसं कोण. दिवा लागला की ती माणसं चाकावरचे तळवे काढून गुडघ्यांवर पुसायची. वळायच्या आधी कोंबडीसारखी मान दोन्हीकडे फिरवायची. मागून कोणी भोंगा वाजवत आलं की बाजूला होऊन हात दाखवायची, जा बाबा. दंतवैद्य तर तिची दाढ कोरता कोरता तिलाच सांगत बसला होता, "मास्तर म्हणायचे, घाईत असलेल्याला आधी जाऊ द्या, त्याच्या घरी काय झालंय ते आपल्याला ठाऊक नसतं. मी हे आयुष्यातसुद्धा पाळतो बरं का. आ करा." मुख्याध्यापिकाबाईंनी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेला ऐकवलं होतं, की वळण चुकलं तर भर रस्त्यात गाडी मागे घ्यायची नाही, पुढचं वळण शोधायचं, असं आमच्या गुरूंनी आम्हाला शिकवलं. आमच्या म्हणे. भिंगरी तेव्हा सातवीत होती. दुसऱ्या रांगेत उभी राहून तिने मनातल्या मनात म्हटलं होतं, तुमचे कुठले, माझे आहेत ते.

आणि आता दिवस हातातून चालले होते. मास्तरांचा गुडघा बोलायला लागला होता. महिनाअखेर गाडी विकायची ठरली होती, घेणाऱ्याने दुसरं पेडल आधी काढून द्या असं बजावलंही होतं. म्हणजे महिना संपला की मांडीही संपली, कायमची. गावात शे-दोनशे लोक मांडीवाले, आणि मास्तरांची नात बिनमांडीची.

ह्या सगळ्यात भर म्हणून शिवणवाल्या काकू.

काकूंचं वय बावन्न. कोपऱ्यावर त्यांचं शिवणाचं दुकान. तीस वर्षं ओठांत टाचण्या धरून बोलल्यामुळे आता टाचण्या नसल्या तरी त्या ओठ न उघडताच बोलत. सकाळी सातला दोघींची वेळ एकदमच असायची, आधी भिंगरी चालवणार, काकू मागे, मग उलट. काकू शिकायला आल्या त्या दिवशी त्यांनी कबुतर बघून ब्रेक मारला होता. कबुतर उडून गेलं, काकू थांबूनच. "जाऊ दे म्हटलं बिचाऱ्याला," ओठांच्या फटीतून आवाज आला. भिंगरी मागच्या सीटवर पोट धरून हसली होती.

काकूंचं सगळं बैजवार. गाडीत बसल्या की पदर खोचायच्या, आरसा पुसायच्या, आणि मग किल्ली फिरवायच्या आधी ब्रेक तीनदा दाबून बघायच्या. हे मास्तर सगळ्यांनाच शिकवत. "निघायच्या आधी गाडीला विचारायचं, आज ऐकणार आहेस ना?" बाकीचे एकदा दाबत आणि निघत. काकू खरोखरच विचारत. "काय ताई, ऐकताय ना? बरं. ऐकताय? बरं. नक्की ना?" भिंगरी मागून त्यांच्याच आवाजात, ओठ मिटून म्हणायची, "ताई म्हणतायत, निघा आता, सात वीस झाले." काकू मनापासून हसायच्या, त्यामुळे टोमणा वायाच जायचा.

भिंगरी स्वतः कधीच विचारत नसे. बसली की किल्ली, किल्ली फिरली की गिअर. घरच्या गाडीला काय विचारायचं?

तर एकतिसाव्या दिवशी, काकूंचा तेव्हा अठरावा होता, गाडीतून उतरताना मास्तर म्हणाले, "काकू, उद्या जरा सैल चपला घालून येईन म्हणतो."

काकूंना काही कळलं नाही. "पाय सुजलाय का मास्तर?"

भिंगरीला कळलं. सैल चपला म्हणजे काढायला सोप्या. कबुतरवाल्या काकूंना एकोणिसाव्या दिवशी मांडी. तिच्या कानशिलांपाशी काहीतरी गरम झालं आणि ते संध्याकाळपर्यंत उतरलंच नाही. जेवताना आजी म्हणाली, "वाढू का अजून?" तर ती म्हणाली, "त्या काकूंना वाढ."

"कुठल्या काकूंना?" आजीने पानांकडे पाहिलं. पानं तीनच होती.

सकाळी उठल्या उठल्या तिला युक्ती सुचली. सुचली तेव्हा ती फार हुशारीची वाटली, हे लक्षात ठेवायला हवं. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून खाली एक लाकडी पाचर लावलेली असे. एका टोकाला शेगडीने काळी पडलेली, वीतभर लांब. ती तिने उचलली, अंगणात गेली, आणि गाडीत वाकून आजोबांच्या पेडलाखाली गच्च बसवली. म्हणजे आजोबांनी दाबलं तरी पेडल खाली जाणार नाही. गाडी ती एकटी चालवणार, फेरी पुरी करणार, आणि मग उतरल्यावर सांगणार, बघा, तुमच्या पायावाचून आणलीच की नाही परत? मग काय करतील? घालतील मांडी, झक मारत.

घरात दार आपटलं. आजीचा आवाज आला, "अहो, दाराची पाचर कोणी नेली? सकाळी सकाळी पाचरीला पाय फुटतात ह्या घरात."

सात वाजता काकू आल्या त्या कापडाची मोठी गाठोडी घेऊन. "मास्तर, आज मी आधी चालवू का? शाळेचे गणवेश द्यायचेत, पावणेआठला बोलावलंय. भिंगरीताई, चालेल ना गं?"

"चालेल की," मास्तरच म्हणाले. "भिंगरी, मागे बस."

भिंगरी मागे बसली. शेजारी गाठोडी. तिला एवढंच वाटलं, की बेत फसला. राग आला तो काकूंचा. पहिला नंबरसुद्धा पाहिजे ह्यांना.

काकूंनी पदर खोचला. आरसा पुसला. पाय ब्रेकवर ठेवला. "काय ताई, ऐकताय ना?"

मग थांबल्या. पुन्हा दाबलं.

"मास्तर," ओठांच्या फटीतून आवाज आला, "ही आज ऐकत नाहीये. पाय खालीच जात नाही."

मास्तरांनी आपलं पेडल दाबलं. तेही जाईना. ते वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि वर आले तेव्हा हातात पाचर होती. त्यांनी तिचं काळं टोक पाहिलं, अंगठा फिरवला आणि ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

"गाडीत लाकूड लागतं होय?" काकूंनी विचारलं.

"नाही लागत," मास्तर म्हणाले. "विचारा पुन्हा."

"काय ताई? हां, आता ऐकतायत."

मागच्या सीटवर भिंगरी गाठोड्यांना धरून बसली होती. दोन्ही पेडलं खालून एकाच लोखंडी दांड्याने जोडलेली आहेत, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. गाडी उलटी करून दुरुस्त होताना तिने तो दांडा पाहिला होता, मेकॅनिकला पाना आणून दिला होता. एक पेडल अडवलं की दुसरं अडणारच. हे सकाळी आठवलं नाही. आणि काकू आधी बसल्या नसत्या तर ती बसली असती. किल्ली, गिअर, निघाली. अंगणातून बाहेर, पाण्याच्या टाकीच्या उतारावरून खाली, आणि उताराच्या तळाशी शाळेचा चौक. सात वीसला तिथे रस्ता ओलांडायला कोण कोण उभं असतं ते तिने रोज पाहिलं होतं.

गाडी त्याच उतारावरून चालली होती. काकूंनी हळू ब्रेक दाबत उतार संपवला, चौकात थांबल्या, तळवे गुडघ्यांवर पुसले. आणि चौक ओलांडल्यावर पुढून चपला काढल्याचा बारीक आवाज आला. मास्तरांनी आधी डावा पाय वर घेतला, मग दुखऱ्या गुडघ्याला हाताने आधार देत उजवा. बसले मांडी घालून.

काकूंनी ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. नाक ओढल्याचा आवाज तीनदा आला.

भिंगरीला लाज वाटायला हवी होती. वाटतही होती, पण तिच्या आत, खाली, एक दुसरं काहीतरी बसलं होतं आणि ते म्हणत होतं, एकोणीस. ह्यांना एकोणीस. जीव जाता जाता वाचला तरी मेलं ते हिशोब करतच होतं.

काकू गणवेश घेऊन शाळेत गेल्यावर मास्तरांनी स्वतः गाडी घरी आणली. अंगणात लावली, फडकं घेतलं आणि काच पुसायला लागले. भिंगरी शेजारी येऊन उभी राहिली.

"पाचर मी ठेवली होती."

"मग काय दंतवैद्याने ठेवली असं वाटलं मला? आपल्या शेगडीचा डाग ओळखतो मी." ते पुसत राहिले. "कशाला?"

"तुमचा पाय अडवायला."

त्यांनी फडकं खाली ठेवलं. खिशातून पाचर काढली, वाकून पेडलाखाली परत बसवली. "बस आत. दाब."

ती बसली. दाबलं. पायाखाली दगड असावा तसं.

"जोर लाव. दोन्ही पायांनी लाव."

तिने दोन्ही पायांनी जोर लावला. सीटमध्ये पाठ रुतली. पेडल हललं नाही.

"मी शेजारी असतो," मास्तर म्हणाले. "मीही असाच जोर लावत बसलो असतो. बस, एवढंच दाखवायचं होतं. उतर."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ती उतरली नाही. चाकावर कपाळ टेकून तिने जे साठलं होतं ते सगळं बाहेर काढलं. दूधवाल्याला मांडी घातलीत, दंतवैद्याला घातलीत, काकूंना घातलीत, त्या कबुतराला थांबतात. सगळ्या गावाला माझे आजोबा मिळाले, मला नुसता त्यांचा पाय मिळाला. मी एवढी वाईट चालवते का?

दार उघडून आजी बाहेर आली होती, हात पुसत. तिने सगळं ऐकलं असावं.

"तुझ्या बापालाही नाही मिळाली," आजी म्हणाली. "त्याला एक्केचाळीस दिवस झाले होते. शेवटी चिडून पलीकडच्या पेठेतल्या गाडीच्या शाळेत गेला, तिथे शिकला. सहा महिने बापलेक बोलत नव्हते. सांग ना तिला. ते सांगायला काय होतं तुम्हाला?"

मास्तर पायरीवर बसले. गुडघा चोळला.

"तू चांगली चालवतेस. सोळाव्या दिवशी मी चपला काढल्या होत्या," ते म्हणाले. "तुला कळलं नाही. फळाच्या हातगाडीला तू वळसा घातलास, सुरेख घातलास, दूधवाल्याला जमला नसता तसा. मी आता पाय वर घेणार, तर तो खालीच गेला. अनवाणी. मी नेला नाही, तो गेला. नंतर पाच-सहा वेळा करून बघितलं. दंतवैद्याची मला काय काळजी? लागलं तर डॉक्टरच आहे तो. त्या लोकांच्या वेळी मी मास्तर असतो. तू चाकावर बसलीस की मी कोणीच नसतो, नुसता पाय असतो. गुडघा काय उगाच दुखतोय?"

भिंगरीने नाक पुसलं. "मग काकूंना माझ्यापेक्षा चांगलं येतं असं नाही ना?"

"एका बाबतीत येतं. त्या विचारतात."

"घरच्या गाडीला..."

"घरची म्हणूनच तर आज आपण दोघं गेलो असतो," मास्तर म्हणाले, आणि प्रथमच त्यांचा आवाज जरा हलला. आजीने पेडलाखालची पाचर ओढून काढली आणि ती आत गेली. दार आपटायचं बंद झालं.

दुसऱ्या दिवशी सातला काकू नेहमीसारख्या आल्या. मांडी मिळाली तरी महिना पुरा करणार म्हणाल्या, दिलेला शब्द आहे. भिंगरी चाकावर बसली. मास्तर शेजारी बसले, दार लावलं, पट्टा लावला, आणि पुन्हा काढला.

"काकू, तुम्ही पुढे या."

"मी? आणि तुम्ही?"

"मी उतरतो." ते खरंच उतरले. दार धरून उभे राहिले. "मी गाडीत असलो तर हा पाय पेडलावरच जाणार. त्याला गाडीत ठेवायचंच नाही म्हणजे झालं. टाकीचा उतार, चौक, शाळेला वळसा, परत. भिंगरी, लायसन्स आहे ना जवळ?"

"आहे."

"मग बघताय काय माझ्याकडे? समोर बघा."

छत्तीस वर्षांत मास्तर शिकणाऱ्याला गाडी देऊन स्वतः रस्त्यावर उभे राहिल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. भिंगरीच्या ते लगेच ध्यानात आलं. दंतवैद्यासाठी उतरले होते? नाही. दूधवाल्यासाठी? नाही. तिच्या पोटात गारगार वाटलं, उन्हात थंड पाणी प्यावं तसं. मग तिने पाय ब्रेकवर ठेवला आणि तीनदा दाबला. ओठ मिटूनच विचारलं, थट्टेत नव्हे. काकूंनी मान डोलावली.

गाडी निघाली. अंगण, रस्ता, उताराचं तोंड. तिचा पाय ब्रेकवर अलगद टेकला, गाडी ऐकत होती. तेवढ्यात काकू सीटवर पूर्ण वळून मागे बघायला लागल्या.

"अगं," काकू म्हणाल्या, "मास्तर बघ काय करतायत."

"काय करतायत?"

"पाय दाबतायत. फुटपाथवर. तू ब्रेक लावलास ना आत्ता, तसा त्यांनी उजवा पाय जमिनीवर दाबला. आता उचलला. आता परत दाबला बघ."

भिंगरीने आरशात पाहिलं. आरशात विजेचा खांब होता, आणि खांबाच्या कडेला सदऱ्याची एक बाही. पाय काही दिसेना. मान वळवावी तर समोर उतार, तळाशी चौक, चौकात मुलं. वळवता येत नव्हती, आणि हे शिकवणारेही तेच.

म्हणजे ती एवढी एक गोष्ट जगात फक्त तिच्यासाठी घडत होती, आणि ती बघत होत्या काकू. पुन्हा काकूच. तिच्या कानशिलांपाशी ओळखीचं ते काहीतरी गरम झालं.

"अजून दाबतायत?" तिने विचारलं.

"अजून. येणारेजाणारे बघत थांबलेत त्यांच्याकडे. मास्तरांना पत्ताच नाही. गेले बघ, वळणाआड गेले."

चौकात लाल दिवा लागला. गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आत थांबली. मुलं ओलांडू लागली. भिंगरीने तळवे गुडघ्यांवर पुसले.

"कसा दाबत होते? टाच टेकवून की नुसता चवडा?"

"चवडा. टाच वर."

"आणि चेहरा?"

"चेहरा कुठे दिसला एवढ्या लांबून. मान पुढे काढलेली होती, हे असं."

"कसं?"

काकूंनी मान पुढे काढून दाखवली. भिंगरीने नीट बघून घेतलं. दिवा अजून लाल होता.

"परत सांगा काकू, पहिल्यापासून. आणि तोंड उघडून सांगा जरा."